कंठमणी तेवढा राहू दे

मालवणच्या बाजारात एका भुसारी दुकानाच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. जिना चढून येणाऱ्या माणसांच्या तोंडावर मुरमं असत, देवीचे वण असत, खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने पडलेले डाग असत. चार-आठ दिवसांनी तीच माणसं फोटोचं पाकीट घेऊन जिना उतरत, तेव्हा फोटोत त्यातलं काही नसे. मधल्या मधे ते कुठे गेलं, हे कुणी विचारीत नसे. ते मी खाल्लेलं असे. अर्ध्या तालुक्याची मुरमं मी पेन्सिलीच्या टोकाने खाल्ली आहेत, आणि ती पचवलीही आहेत.

हे सगळं दोन हजार सालाच्या आगेमागे. शहरात तेव्हा रंगीत रोल मशीनमधून धुऊन निघत होते, आमच्याकडेही लग्नाचे रोल माझा नवरा काढी आणि बाहेर पाठवी. पण भिंतीवर लावायचा मोठा फोटो, आणि तोही काळापांढरा, काढावा तर आमच्याच स्टुडिओत, अशी गावाची समजूत होती. ती समजूत माझ्या सासऱ्यांनी घडवली आणि मी टिकवली. त्यांना मी मामा म्हणे.

मामा मला बघायला माझ्या माहेरी, बांद्याला आले तेव्हा गाणं येतं का, स्वयंपाक येतो का, यातलं काही विचारलं नाही. खिशातून सुई आणि दोरा काढला आणि म्हणाले, "ह्यो जरा ओवन दी." मी एका दमात ओवला. मग म्हणाले, "आता डाव्या हातान." तोही ओवला. आई आतून बघत होती. तिला वाटलं, या घरात काहीतरी बिघाड आहे. पाहुणे गेल्यावर तिने वडिलांना तसं बोलूनही दाखवलं. पण मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि त्यांना सुनेपेक्षा आधी हात हवा होता. लग्नानंतरच्या महिन्यात त्यांनी मला रिटचिंगच्या टेबलाशी बसवलं. ते टेबल म्हणजे उतरत्या फळीचा लाकडी खोका. मध्ये दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून काचेतून वर येई, आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळे.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. तोंडावरचा काळा डाग तिथे कोरा, पारदर्शक दिसतो. त्या कोऱ्या ठिपक्यात पेन्सिलीचं शिसं भरायचं, आजूबाजूच्या इतकंच गडद. कमी पडलं तर डाग राहतो, जास्त झालं तर छापताना तिथे कोड फुटल्यासारखा पांढरा चट्टा उठतो. शिसं पॉलिशपेपरवर घासून सुईसारखं लांब करायचं. निगेटिव्हवर आधी टर्पेंटाईनमध्ये विरघळवलेली राळ बोटाने चोळायची, म्हणजे ती शिसं धरून ठेवते. रेघ ओढायची नाही, घासायचं नाही. मुंगीच्या पावलाएवढे स्वल्पविराम देत जायचं. श्वास सोडताना हात हलतो म्हणून तोही बेताने सोडायचा. आणि छापलेल्या फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके आले तर तीन केसांच्या ब्रशाने तिथे रंग टेकवायचा.

पहिलं वर्ष मी फक्त पासपोर्ट फोटोंवर काढलं. मामा फोटो हातात घेत, खिडकीशी नेत, नाकाला लावल्यासारखा जवळ धरत, आणि एकच वाक्य बोलत, "पेन्सिल दिसता." ज्या दिवशी काही न बोलता फोटो पाकिटात घातला, त्या दिवशी मी घरी जाऊन गोड केलं. कशाबद्दल, ते कुणाला सांगितलं नाही.

पुढे माझं नाव झालं. कणकवली-तळेऱ्यापासून मुली फोटो काढायला येऊ लागल्या, स्थळांकडे पाठवायला. एकदा एक वरपिता लग्नानंतर भांडायला आला. म्हणे, फोटोतली मुलगी वेगळी आणि घरात आलेली वेगळी. मामा खुर्चीतून न उठता म्हणाले, "तोंड देवान दिला, फोटो आमी दिलो. खंयचा परत करूचा आसा?" तो गृहस्थ आल्या पावली जिना उतरला. मी आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसत होते, पण खरं सांगायचं तर माझी छाती दोन बोटं फुगली होती.

अशी माझी फुगलेली छाती असताना तो माणूस आला.

पन्नाशी ओलांडलेला, रंगाने सावळा, सफेद लेंगा-शर्ट, हातात पत्र्याची ट्रंक. तोंडवलीहून आला होता. बाकावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "फोटो काढूचो आसा. एका बायचो."

मामांनी विचारलं, "खंय आसा बाय?"

"हय," असं म्हणून त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मामांनी मान वर केली, आवाजावरून त्याला ओळखलं आणि चक्क उठून उभे राहिले. तो दशावतारातला स्त्रीपार्टी होता. आमच्याकडे जत्रेत देवळासमोर रात्रभर दशावतार चालतो. त्यात बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि तोंड ज्याने त्याने आपापलं रंगवायचं असतं. या माणसाने तीस-एक वर्षं राण्या, पतिव्रता आणि राक्षसिणी केल्या होत्या. मीही लहानपणी बांद्याला त्याची तारामती बघून आईच्या मांडीत रडले होते. तेव्हा तो पुरुष आहे हे मला सांगूनही पटलं नव्हतं.

आता दात हलायला लागले होते, गुडघे धरत होते. या हंगामात शेवटची जत्रा त्याच्याच गावची, आणि ती झाली की लुगडं ट्रंकेत ठेवून द्यायचं त्याने ठरवलं होतं. पण एक गोष्ट राहिली होती. त्याच्या बायकोने त्याला रंगमंचावर कधीच बघितलं नव्हतं. अख्खा तालुका बघून गेला, पण ही घरातली बाई देवळाच्या आवारात दर्शनाला येई आणि नाटक सुरू व्हायच्या आधी घरी परते.

"ती म्हणता, घरात माका घोव दिसता. थंय जावन सवत कित्याक बघू?" तो म्हणाला. सांगताना हसला, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "एकदाच तिणा बघूक व्हया. मगे लुगडा सोडलंय तरी चलात. म्हणान फोटो. आधी फोटो बघीत, मगे कदाचित येयत."

खिशातून त्याने जत्रांत काढलेले रंगीत फोटो काढले. फ्लॅशने सगळं वाटोळं केलं होतं. पांढऱ्या रंगाखालून हनुवटी निळी दिसत होती, डोळे लाल, मान बैलासारखी. बघणाऱ्याला हसू यावं, असे. असले फोटो घरी दाखवण्यात अर्थ नव्हता. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"काका, काळजी करू नकात," मी म्हटलं. "फोटोत कोणाक बापयो दिसाचो नाय. ही माझी जबाबदारी." फोटोतला पुरुष पुसून टाकायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मामांनी त्यांचा जुना लाकडी कॅमेरा काढला. त्याला लागणारी फिल्म तेव्हा मिळेनाशी झाली होती आणि डब्यात शेवटच्या दोन-चारच उरल्या होत्या. पण मामा म्हणाले, या माणसावर नाही वापरायच्या तर कुणावर. आत आरशासमोर बसून त्याने तोंड रंगवायला घेतलं. मी दारात उभी राहून बघत होते. आधी सफेदा, त्यावर गुलाबी रंगाचा हात, काजळ, कुंकू. त्याचं बोट गालावरून जसं फिरत होतं तशीच माझी पेन्सिल फिरते. टेकवायचं, उचलायचं, टेकवायचं. तो बाहेर आला तेव्हा चालच बदलली होती. खुर्चीत बसला, डाव्या हाताने पदराचा काठ धरला आणि मान थोडी वळवून बघितलं. मामा काळ्या कापडाखाली होते, ते तिथूनच म्हणाले, "बस, हलू नको गो." गो म्हणाले, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

निगेटिव्ह धुऊन सुकल्यावर मी टेबलाशी बसले. बाजूच्या दिव्याने प्रत्येक गोष्ट उकरून काढली होती. गालाखाली दाढीची सावली, गळ्यावर कंठमणी आणि त्याची सावली, मनगटाची हाडं, बोटांचे सांधे. माझ्यासाठी हे जेवणाचं ताटच होतं. आठवडाभर मी दुपारच्या उजेडात बसून ते सगळं खाल्लं. हनुवटी गोल केली. कंठमणी असा काही भरला की तिथे मान होती एवढंच राहिलं. मनगट बारीक केलं. मोठा फोटो छापून निघाला तेव्हा त्यात तिशीतली एक देखणी बाई पदर धरून बसली होती. मामांनी फोटो नाकाशी धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाले, "पेन्सिल दिसना नाय." त्यांच्याकडून याहून मोठं बक्षीस नव्हतं.

तो फोटो न्यायला आला. उभ्या उभ्या बघितला, मग बाकावर बसून बघितला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, कौतुकाची वाट बघत.

"बरो झालो," तो म्हणाला. "पण ही कोण?"

"तुमीच, काका."

"मी नाय. ही खंयची तरी बाय आसा." त्याने फोटो हळूच बाकावर ठेवला. "बायक बाय दाखवक काय लागता गो? थंय बापयो आसा, आणि तरी लोकांक बाय दिसता, तां माझा काम. तू बापयोच पुसलंस. मगे माझा काम खंय रवला?"

माझं डोकं फिरलं. आठवडाभर डोळे फोडून केलेलं काम होतं. मी म्हटलं, "हो फोटो मुंबयच्या खंयच्याय स्टुडिओत नेवन दाखवा. असो हात गावाचो नाय."

"हाताक नाव ठेवूचा नाय," तो शांतपणे म्हणाला. "हात माझ्यासारखोच आसा, म्हणानच सांगतंय. ही घराक नेलंय तर ती म्हणतली, बगा, सांगललंय मी, सवत आसा म्हणान. मगे ती जन्मात येवची नाय."

मी मामांकडे बघितलं. ते आपल्या बाजूने बोलतील असं मला वाटलं होतं. मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "टर्पेंटाईन वरच्या फळयेर आसा."

आठवडाभराची पेन्सिल कापसाच्या एका बोळ्याने पुसायला किती वेळ लागतो? काहीच नाही. मी ती त्याच्यासमोरच पुसली, जरा जोरातच. कंठमणी जागच्या जागी परत आला. मग मी रागाने म्हटलं, "आता सांगा, काय काय ठेवचा ता." आणि तो सांगायला लागला.

तो म्हणाला, मी गळा कधी झाकत नाही. झाकला की लोक तिथेच बघतात. मी लोकांना हात दाखवतो. त्याने नुसता लेंगा-शर्ट घातलेला होता, तोंडाला रंगाचं बोटही नव्हतं, आणि बसल्या बसल्या त्याने पदर धरल्यासारखा हात वर घेतला. नजर त्या बोटांवरून त्याच्या डोळ्यांकडे गेली आणि तिथेच थांबली. दाढीचे खुंट समोर दिसत होते. कंठमणी दिसत होता. आणि बाकावर बाई बसली होती. मी मनातल्या मनात म्हटलं, बरं, कळलं. तोंडावर मात्र राग तसाच ठेवला. एवढ्या लवकर हार मानायचा माझा स्वभाव नाही.

दुसऱ्या वेळी मी अर्ध्याहून कमी पेन्सिल वापरली, आणि वेळ दुप्पट लागला. दाढीची सावली तेवढीच उतरवली जेवढी आमच्या दिव्याने जास्तीची पाडली होती. मनगट होतं तसं ठेवलं. गळ्याला हात लावला नाही. उजेड चढवला तो पदर धरलेल्या बोटांवर, नखांच्या कडेला, आणि डोळ्यांतल्या दोन ठिपक्यांवर. बघणाऱ्याची नजर आधी बोटांवर जावी, तिथून डोळ्यांकडे, आणि मग सावकाश खाली गळ्याकडे उतरावी, असा तो सगळा बेत होता. पूर्वी मी डाग पुसत असे. माणसाची नजर हाताला धरून फिरवता येते, हे मला त्या निगेटिव्हवर कळलं. त्यानंतर मी काढलेला प्रत्येक चेहरा वेगळा निघाला आणि ते बघणाऱ्यांनी बोलूनही दाखवलं. पहिला फोटो कामाच्या सफाईत सरस होता, असं मी अजूनही म्हणते. पण कुणाला माझं काम दाखवावंसं वाटतं तेव्हा मी दुसऱ्याची ठेवलेली प्रत दाखवते.

या खेपेला तो आला आणि फोटो खिडकीशी नेऊन बघितला. मग ट्रंक उघडून लुगड्याच्या घडीत फोटो ठेवला आणि मला म्हणाला, "आता मी आसंय."

जत्रा होऊन गेली. त्याचं पुढे काय झालं ते कळेना. तोंडवलीचं कुणी बाजारात दिसलं की विचारावंसं वाटे, पण विचारायचं तरी काय? याची बायको नाटकाला आली होती का, असं? मामा मात्र रोज एकदा तरी म्हणत, "तेचा काय झाला काय म्हायत." बायको नाटकाला आलीच नसेल तर फोटो फुकट गेला, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

एका सकाळी बाजार ओसरल्यावर जिन्यावर जड पावलं वाजली. एक बाई वर आली. काष्टी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, काखेत मासळीची रिकामी टोपली. टोपली दारातच ठेवली आणि तिथूनच विचारलं, "तेचो फोटो कोणी केल्लो?"

मी म्हटलं, "मी."

ती जवळ आली आणि माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मासे विकत घेताना आपण बघतो तसा. मग बाकावर बसली आणि सांगायला लागली. नवऱ्याने फोटो काचेच्या चौकटीत घालून आणला आणि भिंतीला टेकवून ठेवला. दोन दिवस केर काढताना ती त्याला वळसा घालून गेली. तिसऱ्या दिवशी काच पुसायला घेतली.

"पुसताना बोट गळ्यार इला," ती म्हणाली. "हो मणी माझ्या वळखीचो. जेवताना खालीवर होता, गाळी घालताना होता. म्हटलंय, ही सवत खंयची, हो तर आमचोच."

"मगे? नाटकाक गेल्लास?" मी विचारलं. मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"गेल्लंय. बायकांत पुढे बसलंय. तो इलो तेव्हा मी पयलो गळोच बघलंय, मणी आसा काय नाय ता." तिने पदर सावरला. "मगे गळो बघूचा कधी विसारलंय, माकाच कळाक नाय. ती रडली तेव्हा मीय रडलंय. बाजूची बाय म्हणता, अगो, तुझो घोव तो. मी म्हटलंय, गप रव."

मामांनी चष्मा काढून पुसला. त्या चष्म्यातून त्यांना तसंही फारसं दिसत नव्हतं. तीस वर्षं त्या माणसाने ज्याची वाट बघितली होती ते झालं होतं, आणि त्यात माझी पेन्सिल होती. जिथे टेकली तिथेही होती, आणि जिथे मुद्दाम टेकली नाही तिथे तर होतीच. असा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. नंतर कॉम्प्युटर आला, आमचं टेबल माळ्यावर गेलं, मीही माऊस धरायला शिकले, पण त्या सकाळचा अभिमान काही माळ्यावर गेला नाही.

तिचं काम मात्र अजून संपलं नव्हतं. तिला दोघांचा फोटो काढायचा होता. लग्नातसुद्धा काढलेला नव्हता. नवरा खाली, दुकानाच्या फळीवर बसून राहिला होता, वर यायला लाजत होता. तिने खिडकीतून हाक मारली तसा आला. सफेद शर्ट, गुळगुळीत दाढी. मामांनी शेवटची फिल्म कॅमेऱ्यात घातली. तिने केसांत अबोलीचा वळेसर नीट केला, पदर खांद्यावर ओढला आणि नवऱ्याच्या शेजारी ताठ बसली.

फोटो काढून झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तेचा तोंड आसा तसाच ठेव. माझा मात्र जरा बरा कर. त्या बायलेपेक्षा मी बरी दिसाक व्हयी."

ती टोपली उचलून जिना उतरायला लागली. नवरा दारात घुटमळला, मागे वळला आणि मला म्हणाला, "जास्त पुसू नको गो. माका ती वळखाक व्हयी."

मी दोघांचंही ऐकलं. फोटो त्यांच्या घरात अजून आहे, आणि दोघांचीही तक्रार आलेली नाही. ते कसं जमवलं, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. धंद्यात थोडं हातचं राखावं लागतं.